दर उन्हाळ्यात लॅपटॉप तापून बंद पडतो: कारण कसे शोधावे, काय करावे

तक्रार ठरलेली असते. एप्रिल लागला की लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावतो. मे महिन्यात साधा फॉर्म भरतानाही कर्सर अडखळतो आणि नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत) भर दुपारी स्क्रीन अचानक काळी होते. पाऊस पडला की तेच मशीन मुकाट्याने चालू लागते. ‘गर्मीनं होते’ म्हणून विषय संपतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होतो.

विदर्भात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे उन्हाचा वाटा आहेच. पण बहुतेक मशीनांत खरा बिघाड आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमध्येच होऊन बसलेला असतो. सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, जिनिंग, तूर, हरभरा या सगळ्यांची धूळ आणि तंतू तेव्हा आत साचतात. थंडी हे सगळे झाकून ठेवते, एवढेच.

ते कसे, हे एका हिशेबातून कळते. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणे शक्य नाही, तो खोलीपेक्षा किती जास्त तापतो एवढेच पंख्याच्या हातात असते. हा फरक ठरावीक कामाला जवळपास ठरावीकच राहतो. समजा साफ मशीनचा भर कामातला फरक 50 अंश आहे. डिसेंबरात खोली 22 अंशांवर असताना प्रोसेसर 72 वर राहील आणि मे महिन्यात खोली 42 वर गेली की 92 वर जाईल. त्याच मशीनच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या जाळीत रुई बसली आणि फरक 65 झाला, तर डिसेंबरात 87 दिसतील आणि कोणाच्या काही लक्षात येणार नाही. मे महिन्यात मात्र हिशेब 107 वर जातो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंश असते. एएमडी रायझनच्या अनेक मॉडेलांची 95 आणि काहींची 105 असते. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि त्यानेही भागले नाही तर मशीन बंद करतो. म्हणून नुसते ‘माझा 95 ला जातो, ठीक आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. खोली किती अंशांवर होती ते सोबत हवे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लॅपटॉप वापरताना हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा 35 अंश दिलेली असते. टिनाच्या छताखालची आपली खोली मे महिन्यात सकाळी दहालाच ती ओलांडते. त्यामुळे धडधाकट मशीनलाही इथे फारशी मोकळीक उरत नाही, आणि साफसफाईतून मिळालेले दहा-पंधरा अंश इथे जितके मोलाचे ठरतात तितके थंड गावात ठरत नाहीत.

आधी मोजा

भिंतीवरचा साधा तापमापक लॅपटॉपच्या शेजारी, जिकडून तो हवा आत घेतो त्या बाजूला ठेवा. गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला नको. मोबाईलवरच्या हवामानाचा आकडा चालणार नाही, तुमच्या खोलीशी त्याचा संबंध नाही.

लॅपटॉपमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर खूण करा. यादी लांबलचक दिसते, पण बघायच्या ओळी चारच: सीपीयू पॅकेजचे तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर म्हणजे वॅट, कोर क्लॉक म्हणजे वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे तापल्यामुळे वेग कमी होतो का, त्यासमोरचे ‘येस’ किंवा ‘नो’. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकले की टर्मिनलमध्ये तापमान दिसते.

भार देण्यासाठी सेव्हन-झिप पुरेसे आहे. डाउनलोड दोनेक एमबीचेच असल्याने गावातल्या नेटवरही लगेच होते. त्याच्या टूल्स मेनूत ‘बेंचमार्क’ आहे. ते दहा मिनिटे चालू द्या आणि दहाव्या मिनिटाचे आकडे लिहून घ्या. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात टर्बोमुळे, म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ आपला वेग नेहमीपेक्षा वाढवतो त्यामुळे, तापमान 90 च्या वर उडी मारते. नव्या प्रोसेसरांत हे नेहमीचेच आहे, ते धरू नका.

काही काम चालू नसताना खोलीपेक्षा 10 ते 20 अंश जास्त आणि भर कामात 45 ते 55 अंश जास्त, हे साध्या पातळ लॅपटॉपसाठी चांगले लक्षण. फरक 60 च्या पुढे गेला की आत साफसफाई हवीच. गेमिंगच्या मशीनांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, त्यांना वीजच मुळात जास्त दिलेली असते.

इथे एक फसगत होते. मर्यादा गाठल्यावर तापमान 95 किंवा 100 वर अडकून राहते, पुढे जातच नाही. मग फरक लहान दिसतो आणि मशीन बरे आहे असे वाटते. अशा वेळी वॅटची ओळ बघा. 15 वॅटचा प्रोसेसर मर्यादेवर असताना 14-15 वॅट टिकवत असेल, तर थंड करण्याची यंत्रणा आपले काम करते आहे आणि खोलीच जास्त तापलेली आहे. तो सात-आठ वॅटवर घसरला असेल, तर उष्णता बाहेर पडायची वाट बंद झाली आहे.

आता हात वापरा. भार चालू असताना गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे तळहात धरा. झोत जोरात आणि गरम असेल तर जाळी मोकळी आहे. झोत कमजोर पण चटका देणारा असेल तर जाळीत रुई बसली आहे. स्क्रीनवर 98 अंश आणि बाहेरची हवा मात्र जेमतेम कोमट, असे असेल तर प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे मधली पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) सुकली आहे किंवा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर टेकणारा नळीसकटचा धातूचा भाग, नीट टेकलेला नाही. अशा मशीनमध्ये ब्राउझर उघडताक्षणी तापमान 40 अंशांनी उडते आणि बंद करताच दोन-तीन सेकंदांत तितकेच खाली येते. रुई अडकलेल्या मशीनमध्ये ते पाच-सहा मिनिटांत हळूहळू चढते आणि तसेच सावकाश उतरते. मशीन उघडण्याआधीच अर्धे निदान इथे होऊन जाते.

मशीन बंद पडले ते तापूनच की विजेमुळे, अशी शंका असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टम उघडा. कर्नल-पॉवर 41 याचा अर्थ मशीन नीट बंद न होता गेले, कारण काहीही असू शकते. कर्नल-पॉवर 86 असेल तर ते तापूनच बंद झाले. कर्नल-प्रोसेसर-पॉवर 37 म्हणजे फर्मवेअरने (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरने) वेग रोखून धरला आहे.

हळू चालते, पण तापलेले नाही

ही तक्रार याच नावाखाली येते, पण दुखणे वेगळे असते. तापमान 55-60 आणि कोर क्लॉक 400 ते 800 मेगाहर्ट्झवर अडकलेला, असे दिसले तर मशीन उघडू नका, अडॅप्टर तपासा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून त्याची ओळख मशीनला कळते. ती पिन वाकली, तुटली किंवा बाजारातला साधा अडॅप्टर लावला की मशीन वेग अगदी खाली आणते. 65 वॅटच्या मशीनला 45 वॅटचा अडॅप्टर लावला तरी असेच होऊ शकते. अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. वेग वाढला तर दोष सापडला.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि सीपीयू 15 टक्के असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम हे कारण आहे. तिथे एसएसडी बसवल्याने फरक पडेल, पेस्ट बदलून काही होणार नाही.

विनाकारण चाललेले काम बंद करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा आणि पाच मिनिटे बघत बसा. सेवा केंद्रांतल्या मशीनवर छपाईची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर हा नेहमीचा आरोपी. प्रिंटर बंद असताना दिलेले सातबारे आणि दाखले रांगेत अडकतात आणि स्पूलर प्रोसेसर खात बसतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोज फोल्डरातल्या सिस्टम32, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

काहीच काम नसताना पंखा जोरात आणि टास्क मॅनेजर उघडताच सगळे शांत, असे वारंवार होत असेल तर लपून चालणाऱ्या मायनरचा, म्हणजे तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संशय घ्या. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरांसोबत हे फार येतात. विंडोज सिक्युरिटीमधले ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यानंतरही तसेच राहिले तर विंडोज नव्याने टाकणे हाच खात्रीचा मार्ग.

खोली आणि कूलर

गादी, सतरंजी किंवा मांडीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा घेऊ शकत नाही. कडक टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात, फक्त खालची जाळी त्यांनी झाकली जाऊ नये. बाजारातले पंखेवाले कूलिंग पॅड खालून हवा घेणाऱ्या मशीनला थोडा उपयोग करतात. जाळीत रुई असेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

टिनाखाली छताचा पंखा दुपारी छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. कवेलूच्या (कौलांच्या) छताच्या किंवा मातीच्या भिंतींच्या आतल्या खोलीत बसायची सोय असेल तर 12 ते 5 या वेळेत तिकडे हलवा. सात-आठ अंशांचा फरक पडला तरी तो प्रोसेसरवर जवळपास तसाच्या तसा उतरतो.

कूलर हे आपल्याकडचे सगळ्यात स्वस्त औषध. कोरड्या मे महिन्यात तो 42 अंशांची खोली 30 च्या आसपास आणू शकतो. मात्र लॅपटॉप त्याच्या सरळ झोतात ठेवू नका. निदान पाच-सहा फूट लांब आणि झोताच्या बाजूला ठेवा. कूलरच्या पाण्यात क्षार असतात. बोअरच्या पाण्याने तर ताटीवर (कूलरच्या बाजूच्या काड्यांच्या पडद्यावर) पांढरा थर बसतो. हवेबरोबर आलेले तुषार आत वाळले की तोच थर सर्किटवर आणि कनेक्टरवर चढतो आणि ते गंजतात. समोरची खिडकी उघडी हवीच, नाहीतर खोली नुसती दमट होते. नवी ताटी लावली की पहिले दोन दिवस लाकडाच्या काड्यांचे बारीक तंतू उडतात. तेवढे दिवस लॅपटॉप दुसऱ्या खोलीत चालवा. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा थंडावा संपतो. त्या पंधरा-वीस दिवसांत पीक विम्याचे आणि प्रवेशाचे फॉर्म एकदम येतात, म्हणून पुढची साफसफाई त्याआधीच उरकलेली असावी.

तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे किंवा त्यावर ओले फडके घालणे, हे दोन्ही करू नका. फ्रिजमधून बाहेर काढताच बाहेरच्या हवेतले पाणी आतल्या बोर्डावर धरते. बंद करा, अडॅप्टर काढा, लॅपटॉपचा पडदा (स्क्रीन) उघडा ठेवून आडोशाला अर्धा तास राहू द्या.

आतली साफसफाई

योग्य वेळ होळीच्या सुमारास. जिनिंगचा जोर ओसरलेला असतो आणि ऊन अजून चढायचे असते. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात आणि जिनिंगजवळच्या गावात वर्षातून एकदा साफसफाई पाहिजेच. धूळही सगळीकडे सारखी नसते. कापसाच्या पट्ट्यात रुईचे तंतू पंखा आणि तांब्याची जाळी यांच्यामध्ये घट्ट नमद्यासारखे बसतात. घुग्घुस, राजुरा, गडचांदूर या कोळसा-सिमेंटच्या भागात बारीक पूड पंख्याच्या बेअरिंगमध्ये शिरून ते घासते. तिथे जाळी बरी दिसली तरी पंखा लवकर जातो. गोंदिया-भंडाऱ्याकडे तांदूळ गिरणीजवळचा कोंडा तेलकट असतो, तो जाळीला चिकटून राहतो आणि नुसत्या हवेने निघत नाही.

बाहेरून हवा मारून रुई निघत नाही, ही गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते, कारण सगळे तेच करतात. नमदा जाळीच्या आतल्या तोंडाशी, पंख्याच्या बाजूला असतो. खालच्या जाळीतून हवा मारली तर तो आणखी घट्ट बसतो. मागून मारली तर त्याचे तुकडे पंख्यात जातात आणि आठवड्याभरात परत तिथेच येतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर मुळीच नको. त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, दाब इतका असतो की पंख्याची पाती मोडतात आणि रिबनसारख्या बारीक तारा उखडतात.

लागणारे साहित्य: पीएच 0 क्रमांकाचा चांगल्या पोलादाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, जुने सिमकार्ड किंवा एटीएम कार्ड, एक इंची नवा मऊ ब्रश, चिमटा, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबरचे कापड आणि पेस्ट. हलक्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचे डोके झिजते आणि मग तासाभराचे काम दिवसभराचे होते. मशीन वॉरंटीत असेल तर उघडू नका, कंपनीच्या सेवा केंद्रात द्या.

मशीन शट डाउन करा. स्लीपवर नको. अडॅप्टर काढा. खालचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचा कीबोर्ड किंवा बोर्ड फोडतो. रबराच्या पायांखाली बहुतेकदा दोन-तीन स्क्रू लपलेले असतात. सगळे निघाल्यावर कार्ड कडेच्या फटीत सरकवून कुलपे (क्लिपा) एकेक सोडवा. जोर लावावा लागत असेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असे समजा.

पाठ उघडताच पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे. तो तारा धरून ओढू नका, कनेक्टरच्या दोन्ही कडा धरून सरकवा. मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे तिचा चौकोन गादीसारखा फुगला असेल किंवा टचपॅड वर आला असेल, तर इथेच थांबा. टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. बॅटरी बदलल्याशिवाय पुढचे काम करायचे नाही.

पंखा दोन-तीन स्क्रूंवर असतो. त्याचा कनेक्टर काढून पंखा बाजूला घ्या. आता जाळीच्या तोंडाशी राखाडी पट्टी दिसेल. चिमट्याने ती एका टोकापासून सोलून काढा, मग ब्रश जाळीच्या पात्यांच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवला तर पाती वाकतात. कोंडा चिकटला असेल तर ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या. पंख्याची पाती पुसताना बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होते. घरी ब्लोअर असेल तर हातभर अंतरावरून आणि पंखा धरूनच वापरा.

पंखा खरखरत असेल किंवा पाती हलवल्यावर डुगडुगत असतील तर बदला. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून तो काही दिवस गप्प होतो, पण त्या तेलात धूळ मिसळून चिखल होतो. नवा पंखा मागवताना मशीनचे नुसते नाव पुरत नाही. जुन्या पंख्याच्या चिठ्ठीवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज, अँपिअर आणि तारांची संख्या जुळवा. एचपीच्या मशीनवर सुरू होताना 90बी हा संदेश आला तर तो पंखाच न फिरण्याचा इशारा असतो, तो ओलांडून काम चालू ठेवू नका. आणि आत पंखाच दिसला नाही, तर घाबरू नका. विद्यार्थ्यांच्या स्वस्त सेलेरॉन मशीनांत बऱ्याचदा तो नसतोच. तिथे तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी नीट टेकली आहे का एवढेच बघायचे.

पेस्ट

रुई काढून फरक 55 च्या आत आला असेल तर हीटसिंकला हात लावू नका. एकदा तो उचलला की पेस्ट नव्याने लावावीच लागते, जुनीवर परत बसवून चालत नाही.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसरा, असे केल्यास उघडी चिप एका कोपऱ्यावर दबते आणि तडकू शकते. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते, हे विसरू नका. हीटसिंक निघत नसेल तर उपटू नका, हलकेच डावी-उजवीकडे हलवा.

जुनी पेस्ट मायक्रोफायबरच्या कापडावर अल्कोहोल घेऊन पुसा. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू चिपवर राहतात. हात धुण्याचे सॅनिटायझर तर नकोच, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. चिप आरशासारखी झाली की दोन मिनिटे वाळू द्या.

नवी पेस्ट तांदळाच्या एका-दोन दाण्यांइतकी घ्या आणि कार्डाच्या कडेने चिपभर पातळ पसरा. कोपरे सुटता कामा नयेत. उघड्या चिपचा कोरडा राहिलेला कोपरा तिथल्या कोअरचे तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढवू शकतो. जास्त पेस्टने मशीन बिघडत नाही, पण जाड थर उष्णता अडवतो. 4 ग्रॅमच्या नळीत सात-आठ लॅपटॉप सहज होतात. सुट्या पुड्यांत मिळणारी पांढरी सिलिकॉन पेस्ट टाळा. ती आपल्या उन्हाळ्यात एका हंगामात सुकते. घट्ट, राखाडी पेस्ट घ्या. पातळ पेस्ट रोजच्या तापण्या-निवण्यात चिपच्या कडेला सरकत जाते आणि सहा महिन्यांत मधला भाग उघडा पडतो.

हनीवेलच्या पीटीएम7950 सारखी फेज-चेंज पट्टी मिळाली तर उघड्या चिपसाठी ती पेस्टपेक्षा उजवी. ती 45 अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपभर बसते आणि सरकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात कुरिअरमधून येतानाच ती मऊ पडते, आणि मग वरचा कागद सोलताना फाटते. पाकीट न उघडता पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवा, मग कापा आणि सोला. पहिले दोन-चार वेळा मशीन चांगले तापल्यावरच तिचा खरा परिणाम दिसतो.

हीटसिंकखाली मेमरीवर आणि बाजूच्या चौकोनी भागांवर निळे-राखाडी रबरी पॅड असतील तर ते तसेच राहू द्या. फाटले तर तेवढ्याच जाडीचे घ्या: 0.5, 1 किंवा 1.5 मिलिमीटर. जाड पॅड हीटसिंकला उचलून धरतो आणि प्रोसेसर टेकत नाही. पॅडच्या जागी पेस्ट भरणे हीदेखील चूक, तिथले अंतर पेस्टने भरून निघत नाही. काही गेमिंग मशीनांत कंपनीनेच द्रवरूप धातू लावलेला असतो. तो वीज वाहून नेतो आणि अॅल्युमिनियम खातो. चिपवर पाऱ्यासारखी चमक दिसली तर हीटसिंक परत ठेवा आणि मशीन जाणकाराकडे द्या.

वेग थोडा कमी करणे

साफसफाई होऊनही दुपारी मर्यादा गाठत असेल तर प्रोसेसरला कमी वीज द्या. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनचे अॅडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 वरून 99 टक्के करा. इंटेलच्या बहुतेक मशीनांत एवढ्याने टर्बो बंद होतो आणि तापमान दहा ते वीस अंशांनी खाली येते. फॉर्म भरणे, टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांत फरक जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंगला जाणवतो. हा पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ करा. ऑक्टोबरात परत 100 वर न्या.

व्होल्टेज कमी करण्याचे उपाय जुन्या लेखांत सापडतात, पण 2019 मध्ये इंटेल प्रोसेसरांतली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा त्रुटी उघड झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी बायोस (मशीन सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ती सोय बंद केली. तुमच्या मशीनवर ते चालले नाही तर त्यामागे वेळ घालवू नका.

बॅटरी सतत 100 टक्के आणि खोली 40 अंश, या जोडीने ती लवकर फुगते. लेनोवो, आसुस, डेल, एचपी यांच्या स्वतःच्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर रोखण्याची किंवा बॅटरी जपण्याची सोय असते. लोडशेडिंगमुळे पूर्ण चार्ज हवाच असेल तर निदान दुपारी चार्जिंगला लावू नका, सकाळी लावा.

पाठीवरच्या बॅगेत नुसता पडदा मिटून ठेवलेला लॅपटॉप स्लीपमधून आपोआप जागा होऊ शकतो, आणि मोटारसायकलवर उन्हात तासभर तो बंद बॅगेत शिजतो. तालुक्याला नेताना शट डाउन किंवा हायबरनेट करा आणि पोचल्यावर वीस मिनिटे सावलीत ठेवून मगच सुरू करा.

बसवल्यावर

हीटसिंकचे स्क्रू 1, 2, 3, 4 याच क्रमाने थोडे-थोडे आवळा, पंख्याचा कनेक्टर लावा, बॅटरी सगळ्यात शेवटी. पाठ लावण्याआधी मशीन एकदा सुरू करून पंखा फिरतो का ते बघा, मग परत बंद करून पाठीचे स्क्रू लावा. आता तीच दहा मिनिटांची चाचणी तशीच घ्या आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, वॅट आणि तारीख चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या पाठीला चिकटवा. दुरुस्तीला दिले असेल तर दुकानदाराकडून हेच आकडे आधीचे आणि नंतरचे मागा, आणि निघालेली रुई दाखवायला सांगा.

फरक आधीपेक्षा वाढला असेल तर तीनच जागा बघायच्या: हीटसिंकचा एखादा स्क्रू सैल, पॅडची जाडी चुकलेली, किंवा पॅडवरचा वा फेज-चेंज पट्टीवरचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहिलेला. एकाच कोअरचे तापमान बाकीच्यांपेक्षा बारा-पंधरा अंश जास्त दिसत असेल तर त्या कोपऱ्यात पेस्ट पोचलेली नाही. हीटसिंक पुन्हा उचलून, पुसून, नव्याने लावा.